वीज गेल्यावर लिनक्स सर्व्हर आपोआप नीट बंद व्हावा म्हणून

यूपीएस लावला तरी बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळत नसेल, तर तो दहा मिनिटांनी का होईना, धाडकन बंद पडणारच. हे कळवण्याचे काम ‘नट’ म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर करते. पुढील पायऱ्या डेबियन १२ साठी आहेत. आज्ञा आणि फाइलनावे टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावीत.

आधी यूपीएसच्या मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे का ते पाहा. घरच्या साध्या इन्व्हर्टरला सहसा ते नसते.

१. ‘एपीटी इन्स्टॉल नट’ चालवा. मग यूएसबी केबल एकदा काढून पुन्हा लावा. नव्या परवानग्या केबल पुन्हा जोडल्यावर लागू होतात. ‘ड्रायव्हर सुरू होत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच असते.

२. ‘नट-स्कॅनर -यू’ (यू कॅपिटल) कोणता ड्रायव्हर हवा ते सांगतो. एपीसी, ईटन, सायबरपॉवर यांच्या बऱ्याच मॉडेलना ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ चालतो, स्वस्त यूपीएसना अनेकदा ‘नटडीआरव्ही_क्यूएक्स’. ‘यूपीएस.कॉन्फ’मध्ये चौकटी कंसात यूपीएसचे नाव, खाली ड्रायव्हर आणि ‘पोर्ट = ऑटो’ लिहा.

३. ‘नट.कॉन्फ’मध्ये मोड ‘नन’ असतो, तो ‘स्टँडअलोन’ करा. हे राहिले तर सेवा सुरूच होत नाहीत.

४. ‘यूपीएसडी.यूजर्स’मध्ये वापरकर्ता आणि पासवर्ड ठेवा, तोच ‘यूपीएसमॉन.कॉन्फ’च्या मॉनिटर ओळीत ‘प्रायमरी’ म्हणून द्या. जुन्या लेखांत ‘मास्टर’ दिसेल, नटच्या २.८ आवृत्तीपासून शब्द बदलला.

५. नट-सर्व्हर आणि नट-मॉनिटर रीस्टार्ट करून ‘यूपीएससी’ने स्थिती वाचा. ओएल म्हणजे मेन्सवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी खालावलेली.

खरी मेख एलबीमध्ये आहे. ओबी आणि एलबी दोन्ही आल्याशिवाय नट सर्व्हर बंद करत नाही, आणि जुनी बॅटरी बरीच शिल्लक दाखवता दाखवता एकदम शून्यावर येते. म्हणून यूपीएसच्या इशाऱ्यावर विसंबू नका. सर्व्हर बंद व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. व्हर्च्युअल मशीन असतील तर तीन-चार मिनिटेही जातात. मग ‘यूपीएस.कॉन्फ’मध्ये ‘इग्नोरएलबी’ लिहून ‘ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज.लो = ५०’ आणि ‘ओव्हरराइड.बॅटरी.रनटाइम.लो’मध्ये मोजलेल्या वेळेच्या दुप्पट सेकंद द्या. यांपैकी एक मर्यादा ओलांडली तरी एलबी धरला जातो.

आता चाचणी घ्या. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटते. भिंतीवरचे बटण बंद करा. ओबी दिसल्यावर ‘यूपीएसमॉन -सी एफएसडी’ ही सक्तीने बंद करण्याची आज्ञा द्या. सर्व्हर बंद झाल्यावर काही सेकंदांनी यूपीएसनेही आउटपुट तोडला पाहिजे. तो तोडला नाही आणि वीज मधेच परत आली, तर सर्व्हर बंदच राहील, कारण त्याच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. त्यासाठी ‘यूपीएसमॉन.कॉन्फ’मधील ‘पॉवरडाउनफ्लॅग’ची ओळ (यूपीएसला आउटपुट तोडायला सांगायचे आहे ही खूण) तपासा आणि बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन सुरू होण्याचा पर्याय चालू ठेवा.

लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, उष्ण खोलीत त्याहून कमी. ती बदलली की हीच चाचणी पुन्हा घ्या.