पांढऱ्या कापसाचा राखाडी फोटो

छायाचित्रणाच्या पदविकेच्या पहिल्या सत्रात आम्हाला ‘माझे गाव’ हा विषय मिळाला, तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी आले आणि वेचणीचे दोन दिवस कॅमेरा गळ्यात अडकवून शेतातून हिंडले. त्यातला एक फोटो मोठ्या आकारात छापून घेतला आणि पुढच्या खेपेला शेजारच्या काकूंना नेऊन दाखवला. फोटोत त्याच होत्या. कमरेला कापसाने फुगलेली ओटी, डोक्यावर उन्हासाठी ओढलेला पदर, मागे फुटलेल्या बोंडांचे तास, म्हणजे झाडांच्या ओळी. काकूंनी स्वतःच्या चेहऱ्याकडे फारसे पाहिलेच नाही. ओटीतल्या कापसावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हा कापूस आपला नोहे वं. आपला एवढा मळका कुठी आहे? यापाऱ्याले हा फोटू दाखवशीन तं थो भाव पाडीन.”

परीक्षकांनी त्याच फोटोला चांगले गुण दिले होते आणि त्यातील उदास रंगछटेचे कौतुकही केले होते. ती उदासी माझी नव्हती, ती कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची होती, हे काकूंमुळे कळले. समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरून प्रकाशमापक हिशेब करतो. त्यामुळे चौकट कापसाने भरली की तो प्रकाश कमी करतो आणि कापूस राखाडी होतो. उलट पावसाने भिजलेली काळी जमीन चौकटभर घेतली, तर तो प्रकाश वाढवतो आणि ती जमीनही राखाडीच होते. आमच्याकडच्या शेतातील दोन मुख्य रंग हे यंत्र असे एकाच रंगात आणून बसवते. उपाय सोपा आहे. कापसासाठी एक ते दीड स्टॉप प्रकाश वाढवावा (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे, कमी करणे म्हणजे निम्मा करणे), ओल्या काळ्या जमिनीसाठी सुमारे एक स्टॉप कमी करावा. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी पडद्यावर कापसाला बोट लावून बाजूला दिसणारे सूर्याचे चिन्ह किंचित वर सरकवावे. मात्र ते किती सरकवायचे हे ठरवण्यासाठी कापूस प्रत्यक्षात किती पांढरा होता हे आठवावे लागते, आणि ते मोबाइलला ठाऊक नसते. ‘स्वतःची अभिव्यक्ती’ हा शब्द वर्गात इतक्या वेळा कानावर पडतो की त्याची धास्तीच बसते. माझ्यापुरती तिची सुरुवात या एका स्टॉपपासून झाली.

प्रकाशमापकासारखेच एक गृहीतक माझ्या डोक्यातही होते, आणि ते सापडायला जास्त वेळ लागला. विदर्भातील खेडे म्हटले की भेगाळलेली जमीन, सुरकुतलेला म्हातारा आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हे चित्र बाहेरच्यांनी इतक्या वेळा काढले आहे की गावातच वाढलेली मीही तेच शोधत होते. आबाजींना ओसरीत बसवून मी त्यांना हसू नका असे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “काऊन वं पोरी, बँकेत कर्ज मांगाले लावाचा हाये काय हा फोटू?” मला हसू आले, तेही हसले, आणि ते हसतानाचे फोटो मी निवडीच्या वेळी बाजूला टाकले. इथले दुःख खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पण त्या दिवशी आबाजी दुःखी नव्हते, बैलांच्या झुली झटकत बसले होते, आणि मी त्यांना दुःखी दिसायला सांगितले. नवीन विद्यार्थ्यांनी आपण निवडलेल्या फोटोंपेक्षा टाकून दिलेले फोटो सहा महिन्यांनी पुन्हा उघडून पाहावेत. आपण कोणासाठी फोटो काढत होतो ते तिथे दिसते.

या बाबतीत शिकण्यासारखे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहू लागले आणि त्यांचे नात्यातील नातू कनू गांधी यांनी तिथे १९३८ पासून त्यांचे फोटो काढले. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला कधी उभे राहा किंवा बसा असे सांगायचे नाही, आणि आश्रमाकडून यासाठी पैसा मिळणार नाही. पहिल्या दोन अटी मी एका सत्रापुरत्या स्वतःवर लादून पाहिल्या. तिसरी तर आपोआपच लागू होती.

वेचणीच्या शेतात दुसऱ्या अटीला एक रोखठोक कारणही आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि संध्याकाळी काट्यावर जेवढे वजन भरेल तेवढेच पैसे हाती पडतात. ‘जरा इकडे पाहा, पुन्हा एकदा हात वर करा’ असे म्हणत एखाद्या बाईची दहा मिनिटे घेतली, तर ती तिच्या मजुरीतून घेतलेली असतात. त्यामुळे मी तासात त्यांच्या बरोबरीने पुढे सरकत राहते आणि बोलायचे ते दुपारच्या भाकरीच्या वेळी बोलते.

अभ्यासक्रमाविषयी थोडक्यात सांगायचे तर उपयोजित कलेच्या पदवीत छायाचित्रण हा विषय असतो आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी महागडा कॅमेरा घेऊ नये. जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एक लेन्स पुरते, आणि उरलेले पैसे फोटो छापण्यावर खर्च करावेत, कारण मोबाइलच्या पडद्यावर काकूंनी तो मळका कापूस कदाचित पाहिलाच नसता.

पुढच्या हंगामात मी प्रकाश वाढवून काढलेला दुसरा फोटो त्यांच्याकडे नेला. कापूस पसंत पडला, पण “माह्या तोंडावर एवढा अंधार कायचा?” असा नवा प्रश्न आला. तक्रार बरोबर होती; पदराच्या सावलीतला सावळा चेहरा आणि उन्हातला पांढरा कापूस या दोघांना एकाच चौकटीत न्याय देणे भर दुपारी जमत नाही. भाव वाढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवला होता, त्या खोलीत आम्ही सकाळी गेलो. दार पूर्ण उघडे ठेवून काकू गंजीला टेकून बसल्या आणि दारातून येणारा उजेड कापसावर पडून खालून त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. एरवी यासाठी विद्यार्थी पांढरे थर्माकोल धरून उभे राहतात. तो तिसरा फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि दोन प्रती मागितल्या, एक घरी लावायला आणि एक हिंगणघाटला दिलेल्या मुलीसाठी.