आधी माणसांचं बोलणं: कमी खर्चात पहिलं होम थिएटर

माझे बाबा सिनेमा बघताना रिमोट हातातून खाली ठेवत नसत. पात्रं बोलू लागली की आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. शेवटी त्यांनी सिनेमा बघणंच सोडून दिलं. कान तपासून घेतले, तर वयोमानाने थोडं कमी ऐकू येतं एवढंच निघालं. बराचसा दोष टीव्हीचा होता. पातळ टीव्हीतले स्पीकर लहान असतात आणि बहुतेकदा त्यांचं तोंड खाली किंवा मागे असतं. आवाज आधी टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत पोचतो. बाबांना पुन्हा सिनेमा बघता यावा म्हणून मी होम थिएटर जमवायला घेतलं आणि जवळजवळ दोन वर्षांत, एकेक वस्तू घेत, ते पूर्ण केलं. पैसे कमी असतील तर हीच पद्धत मी सुचवेन. कानाला ज्याची गरज आधी, ते आधी घ्या. बोलणं पहिलं, खालचा बेस दुसरा, मागून येणारे आवाज शेवटी.

सगळे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर (फक्त खालचा बेस काढणारा वेगळा स्पीकर) एकाच खोक्यात मिळणाऱ्या संचाचा मोह होतो. त्यातले स्पीकर फारच छोटे असतात, जोडण्या अनेकदा त्या संचापुरत्याच असतात, आणि एक भाग बिघडला की सगळंच अडतं. साउंडबारची गोष्ट वेगळी. स्पीकर ठेवायला जागाच नसेल तर सबवूफरसह येणारा साउंडबार घ्या आणि सुखाने ऐका. जागा असेल तर मात्र सुटे भाग घ्या, म्हणजे पुढे एकेक बदलता येतो.

बजेटचे दहा भाग करा. माझ्या मते तीन भाग रिसिव्हरला (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन तो सगळ्या स्पीकरना वाटणारा ॲम्प्लिफायर), चार भाग पुढच्या तीन स्पीकरना, दोन सबवूफरला आणि उरलेला एक भाग मागचे स्पीकर, वायर, स्टँड यांना. पण पहिल्या दिवशी फक्त दोनच गोष्टी आणा: ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसिव्हर आणि चांगल्या बुकशेल्फ, म्हणजे कपाटावर किंवा स्टँडवर ठेवायच्या, स्पीकरची एक जोडी. रिसिव्हरला सेंटर, म्हणजे मधला, स्पीकर नाही असं सेटिंगमध्ये सांगितलं की तो संवाद दोन्ही स्पीकरमध्ये सारखे वाटून देतो, आणि बरोबर मध्ये बसलेल्या माणसाला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. आम्ही असे चार महिने काढले.

रिसिव्हर मी सेकंडहँड घेतला आणि त्याचा मला कधीच पस्तावा झाला नाही. बघायला जाताना एक छोटा स्पीकर आणि वायरचा तुकडा सोबत न्या आणि रिसिव्हरच्या प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे एकेका स्पीकरच्या जोडणीवर, तो लावून ऐका. रिमोट आणि स्पीकरचा आवाज मोजायचा रिसिव्हरचा मायक्रोफोन मिळतोय का ते विचारा. एचडीएमआय एआरसी ही जोडणी असेल तर उत्तम, कारण टीव्हीचा सगळा आवाज एकाच केबलने रिसिव्हरकडे येतो. नसेल तरी बिघडत नाही, ऑप्टिकल केबलने डॉल्बी डिजिटल ५.१ (सिनेमाचा सगळ्या स्पीकरसाठी वेगवेगळा केलेला आवाज) व्यवस्थित जातं. जुना रिसिव्हर ४के चित्र पुढे पाठवू शकत नसेल, तर प्लेअर थेट टीव्हीला जोडा आणि आवाज तेवढा टीव्हीकडून रिसिव्हरला द्या. सेकंडहँड स्पीकर घेताना वूफरच्या (स्पीकरमधला खालचे सूर काढणारा मोठा गोल भाग) कडेची गोल पट्टी नीट पाहा. ती फोमची असेल तर काही वर्षांनी भुसभुशीत होऊन फाटते, रबराची जास्त टिकते. वूफरचा हलणारा पडदा, म्हणजे कोन, बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच दाबा. खरखर आली तर तो स्पीकर सोडून द्या.

वॉटच्या आकड्यांना भुलू नका. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ५० वॉट आणि १०० वॉटमध्ये कानाला जाणवणारा फरक थोडाच. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच ताकदीत किती मोठा आवाज निघतो त्याचं माप) स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला तर तेवढाच फायदा ॲम्प्लिफायर न बदलता मिळतो. एकच चॅनेल, एकाच सुरावर मोजून छापलेले वॉटही फसवे असतात. २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ एवढ्या, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सगळ्या सुरांच्या, पट्ट्यात, किमान दोन चॅनेल एकत्र चालवून मोजलेला आकडा शोधा. पहिल्या संचासाठी ८ किंवा ६ ओहमचे स्पीकर निवडा. ४ ओहमचे स्पीकर स्वस्त रिसिव्हरला जड जातात.

वायरवर जास्त पैसे घालवू नका. शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, १.५ चौरस मिलिमीटरची साधी दुपदरी वायर १० मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला पुरते. तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, त्याचा रोध जास्त असतो. जोडताना रिसिव्हर बंद ठेवा. एखादी सुटी तार शेजारच्या टोकाला टेकली तर शॉर्ट होतो.

इथेच माझ्याकडून चूक झाली होती. डाव्या स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी लागली होती. पहिल्या आठवड्यात बाबा सारखे म्हणायचे, "आवाज मोठा आहे गं, पण माणूस कुठून बोलतोय ते कळत नाही." मला वाटलं, त्यांना सवय नाही. खरं तर दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलत होते. एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता, त्यामुळे बेस विरून जात होता आणि मधला आवाज मध्ये बसत नव्हता. दुपदरी वायरच्या एका पदरावर रेघ किंवा उंचवटा असतो. तो पदर नेहमी लालला लावायचा, असा नियम मी तेव्हापासून पाळते. तपासायचं असेल तर बातम्या लावा आणि मध्ये बसा. निवेदकाचा आवाज टीव्हीच्या मधोमध आला पाहिजे.

नंतर सेंटर घ्या, आणि शक्यतो पुढच्या जोडीच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणारा आवाज मध्येच रंग बदलतो. सिनेमातले बहुतेक संवाद याच स्पीकरमधून येतात. तो टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकलून ठेवला तर आवाज कोंदट होतो. कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा घालून त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे वळवा. आमचा सेंटर आधी गुडघ्यांकडे बघत होता. बोटभर जाडीचा रबर घातला आणि बाबा म्हणाले, "आता शब्द सुटे झाले."

पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरमधलं अंतर आणि त्यांचं तुमच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा, म्हणजे प्रत्येक स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर येतो. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. फरशी उघडी असेल तर स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा अंथरा. शब्द स्वच्छ ऐकू यायला त्याचा फार उपयोग होतो, महागड्या केबलपेक्षा कितीतरी जास्त.

सबवूफरची जागा शोधायला मात्र एक पूर्ण दुपार द्या. खोली स्वतःच काही सूर फुगवते आणि काही गिळते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे ४ मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४३ हर्ट्‌झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो. भिंतीशी तो घुमतो, बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोफा खोलीच्या अगदी मध्यावर ठेवू नका. जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खालचे सूर चढत-उतरत जाणारं संगीत लावा आणि भिंतीकडेने रांगत जा, कान सबवूफरच्या उंचीला ठेवून. जिथे सगळे सूर सारखे वाटतात, एकही घुमत नाही, तिथे खूण करा आणि सबवूफर तिथे न्या. आमची जागा कोपऱ्यापासून हातभर अंतरावर निघाली. कोपऱ्यात तो नुसता घुमायचा.

मागचे स्पीकर छोटे, कसेही चालतील. कानाच्या रेषेच्या किंचित मागे, म्हणजे समोरून मोजल्यास ११० अंशांच्या आसपास, आणि कानापेक्षा थोडे उंच लावा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ते बाजूच्या भिंतींवर लावा आणि तोंड थेट कानावर रोखू नका.

आता रिसिव्हरचं सेटिंग. पंखा बंद करा, मायक्रोफोन हातात न धरता स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवा आणि आपोआप मोजणी चालवा. नंतर तिने काय ठरवलं ते तपासा, कारण ती कधीकधी साध्या बुकशेल्फ स्पीकरलाही 'लार्ज', म्हणजे खालचे सूरही पेलणारा, म्हणते. सगळे 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्‌झ ठेवा, अगदीच छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणून तो सबवूफरकडे सोपवला तरी चालतो, आणि छोट्या स्पीकरवरचा ताणही जातो. मायक्रोफोन नसेल तर प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. मग रिसिव्हरचा चाचणीचा सूं-सूं आवाज लावून फोनवरच्या डेसिबल ॲपने सगळे स्पीकर एका पातळीला आणा. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण स्पीकरांची आपसात तुलना करायला पुरतो. फक्त सबवूफरसाठी त्यावर विसंबू नका, तो कानाने लावा.

रात्री घरात कोणी झोपलं असेल तर 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' हा पर्याय वापरा. त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज वर येतात. घरात कमी ऐकू येणारं माणूस असेल तर फक्त सेंटर २ डेसिबलने वाढवा, बाकीचं तसंच राहू द्या. शेवटी सगळे आकडे कागदावर उतरवून ठेवा, कारण वीज गेल्यावर काही जुने रिसिव्हर सगळं विसरतात. आमचा कागद रिसिव्हरच्या शेजारी चिकटवलेला आहे. त्यावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात 'सेंटर +२' खाली दोनदा रेघ मारली आहे.