दोन नोडचा लिनक्स क्लस्टर: आधी फेन्सिंग, मग व्हीएम

लिनक्स क्लस्टर उभारायच्या बहुतेक मार्गदर्शकांत एक ओळ हमखास भेटते: "स्टोनिथ तूर्त बंद ठेवा, नंतर बघू." ते नंतर कधी उजाडत नाही. स्टोनिथ म्हणजेच फेन्सिंग: बोलेनाशा झालेल्या सर्व्हरला बाहेरून सक्तीने बंद करणं. रामदासपेठेतलं हॉस्पिटल असो, वाडीतलं गोदाम असो की हिंगणा एमआयडीसीतला कारखाना, नागपुरात लहान ठिकाणची मांडणी साधारण एकच असते: दोन सर्व्हर (म्हणजे नोड), एक सामाईक स्टोरेज, वर पेसमेकर-कोरोसिंक (कोरोसिंक नोडना एकमेकांशी बोलतं ठेवतो, पेसमेकर काय कुठे चालवायचं ते ठरवतो) आणि त्यावर चार-सहा व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारी आभासी मशीन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, फीडर ट्रिप होतो, यूपीएसच्या थकलेल्या बॅटऱ्या मान टाकतात, आणि तेव्हा ही ओळ महागात पडते. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

पाया

दोन्ही नोडवर पेसमेकर, कोरोसिंक आणि पीसीएस (क्लस्टर हाताळायची कमांड) टाका, फायरवॉलमध्ये टीसीपी २२२४ आणि यूडीपी ५४०५ व ५४०६ उघडा, घड्याळं क्रोनीने जुळवा, क्लस्टर बनवा. कोरोसिंकला दोन लिंक द्या, दोन वेगळ्या स्विचमधून. टू-नोड मोडसोबत (एकच नोड उरला तरी क्लस्टर चालू ठेवणारा) वेट-फॉर-ऑल येतं, म्हणजे सुरू होताना दोन्ही नोड एकदा दिसेपर्यंत थांबणं. ते तसंच राहू द्या.

फेन्सिंग: इथे घाई नको

दुसरा नोड बोलेनासा झाला, तर तो बंद पडला असेल किंवा मधली केबल तुटली असेल. पहिल्या नोडला आत बसून हा फरक कळूच शकत नाही. स्टोनिथ बंद असेल तर पेसमेकर धरून चालतो की न दिसणारा नोड बंदच आहे, आणि त्याच्यावरच्या व्हीएम इकडे सुरू करतो. तिकडे त्या चालूच असतील तर एकाच डिस्कवर दोन व्हीएम लिहू लागतात. ईएक्सटी४ असो वा एनटीएफएस, दोघांनाही हे झेपत नाही. नंतर हाती उरतो फक्त बॅकअप, असलाच तर.

बहुतेक सर्व्हरमध्ये बीएमसी असतो, म्हणजे सर्व्हर दुरून चालू-बंद करता येणारा वेगळा छोटा कंट्रोलर. त्याला आयपीएमआय या प्रोटोकॉलने फेन्सिंग लावता येतं. बीएमसीला त्याचं स्वतंत्र पोर्ट द्या. डेटाच्याच पोर्टवर तो बसवला, तर ती केबल निघाली की नोडही दिसत नाही आणि त्याला बंद करायची वाटही उरत नाही.

दुसरी गोष्ट पॉवर बटणाची. फेन्सिंगचा हुकूम आल्यावर सर्व्हर त्या क्षणी बंद व्हायला हवा. लॉगइन-डीच्या (पॉवर बटण सांभाळणारा सिस्टम-डीचा भाग) सेटिंगमध्ये "हँडल पॉवर की" इग्नोर केली नसेल, तर तो हुकूम सिस्टम-डीला बटण दाबल्यासारखा वाटू शकतो आणि मशीन सावकाश शटडाउन करत बसतं. अडकलेल्या मशीनवर तो शटडाउन कधी पुरा होईल याचा भरवसा नाही.

आता सगळ्यात चकवणारा भाग, ज्याने मलाही पुष्कळ छळलं आहे. बीएमसीला वीज मिळते ती सर्व्हरच्याच पॉवर सप्लायमधून. सर्व्हरची वीज गेली की बीएमसीही गेला. उरलेला नोड त्याला "बंद हो" म्हणत राहतो, उत्तर येत नाही, फेन्सिंग फसतं, आणि पेसमेकर एकही व्हीएम उचलत नाही. क्लस्टर बिघडला म्हणून ओरड होते. पण क्लस्टर बरोबर वागत असतो, त्याच्याकडे खात्रीच नसते. वाडीतल्या एका गोदामात एका सर्व्हरचा यूपीएस बसला आणि नेमकं हेच झालं: दुसरा सर्व्हर धडधाकट, तरी बिलिंगची व्हीएम उठेना.

अशा वेळी कुणीतरी फोनवर सांगतं, "स्टोनिथ कन्फर्म मार." ही कमांड काहीही बंद करत नाही. नोड बंद आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं, एवढंच ती क्लस्टरला सांगते. रॅकसमोर उभ्या माणसाने केबल उपटून हातात धरल्याशिवाय ती चालवू नका.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, दोन वेगळ्या यूपीएसवर, मध्ये नेटवर्कवरून चालणारे पीडीयू, म्हणजे दुरून आउटलेट बंद करता येणारे वीज-बोर्ड. फेन्सिंगची पातळी एक आयपीएमआय. ते फसलं तर पातळी दोन, तिच्यात त्या सर्व्हरचे दोन्ही पीडीयू आउटलेट एकत्र. एकच आउटलेट दिला तर दुसऱ्या सप्लायवर मशीन चालूच राहील आणि क्लस्टरला मात्र ते बंद वाटेल. पीडीयूचं बजेट नसेल तर सामाईक स्टोरेजवर छोटी डिस्क आणि हार्डवेअर वॉचडॉग (मशीन अडकलं की ते रीसेट करणारा टायमर) घेऊन एसबीडी लावा, म्हणजे "बंद हो" हा निरोप त्या डिस्कवरून जातो.

दोन्ही नोड एकाच वेळी एकमेकांना मारू नयेत म्हणून एका फेन्सिंग डिव्हाइसवर "पीसीएमके डिले बेस" ठेवा. हे हमखास उलटं लावलं जातं: जो नोड वाचावा असं वाटतं, त्यालाच मारणाऱ्या डिव्हाइसवर हा डिले हवा.

मग चाचणी. "पीसीएस स्टोनिथ फेन्स" चालवून खूश होऊ नका, त्या वेळी सगळंच जिवंत असतं. कोरोसिंकच्या दोन्ही केबल काढा. सिस-आरक्यूने (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) कर्नल क्रॅश करा. शेवटी चालू सर्व्हरच्या दोन्ही वायरी उपटा. तिन्ही वेळा फेन्सिंग यशस्वी झालं, तरच पुढे जा.

व्हीएम

व्हीएम चालवणाऱ्या लिब-व्हर्टची कमांड म्हणजे व्हर्श. तिने व्हीएमची व्याख्या असलेली एक्सएमएल फाइल काढा, दोन्ही नोडवर एकाच पाथला ठेवा, लिब-व्हर्टमधून व्हीएमची व्याख्या काढून टाका. ऑटोस्टार्ट आणि लिब-व्हर्ट-गेस्ट्स सर्व्हिस बंद. व्हीएमचा मालक एकच, पेसमेकर. मग व्हर्च्युअल-डोमेन रिसोर्स (क्लस्टरने सांभाळायची गोष्ट) बनवा आणि "अलाऊ मायग्रेट" चालू करा, म्हणजे चालू व्हीएम न थांबवता पलीकडे हलवता येते. डिस्कचं कॅश "नन" ठेवा. दोन सर्व्हरचे सीपीयू वेगळ्या पिढीचे असतील तर होस्ट-पासथ्रू (सर्व्हरचा सीपीयू जसाच्या तसा व्हीएमला दाखवणं) टाळा, दोघांना चालेल असं मॉडेल निवडा.

स्टॉपचा टाइमआउट मात्र नीट बघा. सुचवलेली वेळ ९० सेकंदांची असते आणि ती संपायच्या थोडं आधी एजंट (पेसमेकरच्या वतीने व्हीएम सुरू-बंद करणारी स्क्रिप्ट) व्हीएमची मान मुरगाळतो. अपडेट लावत बसलेला विंडोज सर्व्हर किंवा मोठा डेटाबेस तेवढ्यात आवरत नाही. मी अशांना ३०० सेकंद देतो.

सर्व्हिसेस

व्हीएमशिवाय थेट नोडवर चालणाऱ्या सर्व्हिस असतील तर फाइलसिस्टम, आयपी, सर्व्हिस या क्रमाने एक ग्रुप करा. ती सर्व्हिस सिस्टम-सीटीएलने डिसेबल करायला विसरू नका, नाहीतर बूट होताच ती क्लस्टरला न विचारता उठते.

रोजचं काम

रिसोर्स स्टिकिनेस १०० ठेवा, म्हणजे परतलेल्या नोडकडे व्हीएम आपणहून धावणार नाहीत. जुन्या पीसीएसमध्ये "मूव्ह" केल्यावर मागे कन्स्ट्रेंट (व्हीएम कुठे चालावी याचा नियम) राहतो. तो "क्लिअर" करा. अपडेटसाठी नोड स्टँडबायवर (तात्पुरता कामाबाहेर) टाका, व्हीएम सरकताना बघा, अपडेट आणि रीबूट करून परत घ्या. दुसऱ्या नोडला हात लावण्याआधी एक व्हीएम या अपडेट झालेल्या नोडवर खरोखर हलवून बघा, आणि दोन्ही फेन्सिंग डिव्हाइस "स्टार्टेड" दिसतात का तेही.