एपिफानियो दे लोस सान्तोस यांचा अभ्यास कसा सुरू कराल

एपिफानियो दे लोस सान्तोस हे फिलिपिन्सचे लेखक आणि सरकारी अधिकारी. सुरुवात रस्त्यापासून करा. फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथला ‘एड्सा’ हा हमरस्ता यांच्याच नावाचा; ‘एड्सा’ हे त्यांच्या नावाच्या ‘अव्हेन्यू’चं लघुरूप. १९५९ साली ‘हायवे ५४’ला हे नाव मिळालं, १९८६ साली हुकूमशहा मार्कोसविरुद्ध लोक जमले ते इथेच. नाव सगळ्यांच्या तोंडी आणि माणूस विस्मृतीत, याची मला फार हळहळ वाटते.

मग कोऱ्या कागदावर उभी रेघ ओढा. डावीकडे पदं: नुएवा एसिहा प्रांताचे गव्हर्नर, सरकारी वकील, १९२५ पासून राष्ट्रीय ग्रंथालय-संग्रहालयाचे संचालक. उजवीकडे लेखन: स्पेनच्या सत्तेविरुद्ध उभे राहिलेल्या देल पिलार, बोनिफासियो, हासिंतो यांच्यावरचं चरित्रलेखन, बालाग्तास या कवीच्या ‘फ्लोरांते’ काव्याचा स्पॅनिश अनुवाद. मी आधी दोन वेगळ्या वह्या केल्या आणि तिथेच चुकलो. शेजारी शेजारी मांडल्यावर कळलं, कचेरी सांभाळणारा हात आणि क्रांतिकारकांवर लिहिणारा हात एकच.

आता १८९८ वर आडवी रेघ मारा; फिलिपिन्समधून स्पेन जाऊन अमेरिका आली ते हे साल. जन्म १८७१चा, मालाबोनचा, स्पेनच्या अमलातला. मृत्यू १९२८चा, अमेरिकेच्या. अंमल बदलला तरी ते स्पॅनिशमध्ये लिहीत राहिले, म्हणून शब्दकोश हाताशी हवाच. आधी बोनिफासियोवरचं वाचा, सावकाश. स्पेनविरुद्धच्या ज्या क्रांतीबद्दल ते लिहितात, ती त्यांच्या पंचविशीत पेटली होती.