मुक्कामी सहलीला पालक म्हणून जाताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत वेरूळ, दौलताबाद, अजिंठ्याच्या रस्त्यावर सहलींच्या एसट्यांची रीघ लागते. सोबत आलेल्या पालकांच्या चुका मात्र दरवर्षी त्याच.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसती डोकी मोजणं. दौलताबादचा किल्ला पाहून एका शाळेची पोरं खाली आली, गाडीत बसली. मोजली, बरोबर 42. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मागच्या बाकावरचं एक लेकरू रडायला लागलं, "ही आमची गाडी नाही!" तसाच आकाशी शर्ट, तशीच निळी पँट, पण शाळा दुसरी. यांचं स्वतःचं एक पोरगं अजून वर बारादरीच्या महालात होतं. आकडा जुळला म्हणून कोणी तोंडंच पाहिली नव्हती.

आदल्या दिवशीच प्रत्येकाला क्रमांक द्या. मोजताना पोरानं आपला क्रमांक स्वतः म्हणायचा आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे पाहायचं, कारण मित्राचा नंबर ठोकून देणारे प्रत्येक वर्गात असतातच. मोजणारा माणूस एकच ठेवा. तिघांनी मोजलं की तीन आकडे येतात आणि सोयीचा तो खरा ठरतो. दारात चढताना मोजू नका, कोणीतरी बाटली राहिली म्हणून परत उतरतंच. सगळे बसले, इंजिन बंद आहे, तेव्हा मोजा. लघवीला थांबलात की पुन्हा मोजा. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावरही मोजा. तिथं एक मोठं माणूस पुढे, एक सगळ्यात मागे, आणि दोघांच्या हातात खरी बॅटरी हवी. मोबाइल तोवर व्हिडिओ काढून काढून मेलेला असतो. "एवढं कशाला, आपली पोरं ओळखू येतात की," म्हणणारा पालक हमखास भेटतो. त्याला डबे वाटायचं काम द्या.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे न पाहता तारीख ठरवणारे दर मोसमात गेटवरून परत फिरतात. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते, लेण्यांपर्यंतचे साधारण 4 किलोमीटर तिथल्या बसनं जायचं असतं. औषधांची पिशवी मोठ्या गाडीत ठेवून जाऊ नका. चित्रांच्या लेण्यांत पायताण बाहेर काढावं लागतं, म्हणून लेसचे बूट नकोत. चाळीस पोरांच्या लेस बांधण्यातच दुपार जाते.

गाडी लागणाऱ्या पोराला उपाशी नेणं चूक, तर्रीची मिसळ खाऊ घालणं त्याहून चूक. कोरडी दशमी द्या आणि पुढच्या बाकावर बसवा. मागच्या चाकावर दणके जास्त बसतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. उलटी सुरू झाल्यावर तीच गोळी पोटात राहत नाही. ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्यात पूर्ण कालवायची. पेल्यात अर्धी पुडी टाकून अंदाजानं ढवळणाऱ्यांनी औषधाला हात लावू नये.

मुक्कामाची रात्र मात्र नीट समजून घ्या, कारण दिवसा थकलेले पालक नेमके इथं ढिले पडतात. भक्तनिवासात पोचल्यावर आधी उजेडात संडास दाखवा, दिव्याचं बटण कुठं आहे तेही. अनेक ठिकाणी ते बाहेरच्या भिंतीवर असतं आणि अंधाराला भिऊन लेकरू जातच नाही. मग अंथरूण ओलं होतं. आठनंतर पाणी घोट-घोट, झोपण्याआधी सगळ्यांना एकदा पाठवा, आणि अकराच्या सुमारास लहानांना उठवून पुन्हा न्या. कोणाला ही सवय आहे ते त्याच्या आईला आधी एकटीला विचारा, सगळ्या पालकांच्या ग्रुपवर नको. त्या लेकराला भिंतीकडेला झोपवा, गादीखाली प्लास्टिक घाला, जादा चड्डी आणि चादर आपल्याच पिशवीत ठेवा. ओलं झालंच तर इतर उठायच्या आत निस्तरायचं, कुजबुजसुद्धा नको.

खोलीची आतली कडी लहान पोरं लावतात आणि मग उघडत नाही. पहिल्याच मिनिटाला ती दोरीनं बांधून टाका. पहाटे बादलीत पाण्याचा रॉड टाकला असेल तर मोठ्या माणसानं तिथून हलायचं नाही. बटण बंद, प्लग बाहेर, रॉड बाहेर, मगच पाण्यात हात.

आपल्याच पोराशेजारी बसणं, त्यालाच खिडकी देणं, हे बंद करा. त्याला दुसऱ्या पालकाच्या गटात टाका. तुमच्या वाट्याला दहा परकी पोरं आली की लक्ष आपोआप सगळ्यांवर राहतं.

परतीला उशीर होतो आणि कुणी म्हणतं, "याचं घर वाटेतच आहे, कोपऱ्यावर सोडू." सोडू नका. घरचं माणूस समोर आल्यावरच पोर उतरवा आणि यादीत त्याच्या क्रमांकावर रेघ मारा. कोणी न्यायला आलं नसेल तर फोन लावा आणि तिथंच थांबा.