पायारा ओळखताना आणि पाळताना

पायारा या दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या शिकारी माशाचे छायाचित्र पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्या खालच्या जबड्यातून वर आलेल्या दोन सुळ्यांवर जाते आणि बहुधा तिथेच थबकते. विक्रेत्यांनाही हे ठाऊक असल्याने ‘व्हॅम्पायर फिश’ या नावाखाली हा मासा सुळे दाखवूनच विकला जातो. परंतु सुळे या गटातील सर्वच जातींना असतात. समोरच्या पिशवीतले बोटाएवढे पिल्लू फूटभर वाढून थांबेल की मीटरभर लांब होईल, हे त्यांवरून कळत नाही. मासा कोणत्या नदीतून आला आणि तिच्या पाण्याची नक्कल आपल्याला घरात करता येईल का, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत आणि पैसे त्यानंतर मोजावेत.

पायारा हे व्हेनेझुएला आणि कोलंबियातले नाव. ब्राझीलमध्ये त्याला ‘काशोरा’, म्हणजे कुत्री, म्हणतात आणि पेरूत ‘चांबिरा’. शास्त्रीय वर्गीकरणात हा मासा सायनोडॉन्टिडी कुळातल्या हायड्रोलायकस प्रजातीत (जीनस) मोडतो. कुळाच्या नावाचा अर्थ श्वानदंती आणि प्रजातीच्या नावाचा अर्थ पाण्यातला लांडगा. या प्रजातीत चार जाती आहेत. हायड्रोलायकस स्कॉम्बेरॉइडिस हिचे वर्णन क्युव्हिए यांनी १८१९ मध्ये केले आणि आर्मेटसचे जार्डिन यांनी १८४१ मध्ये. टाटाउआइया आणि वॉलेसाय या उरलेल्या दोन जाती मात्र थेट १९९९ मध्ये वेगळ्या म्हणून नोंदल्या गेल्या, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत स्कॉम्बेरॉइडिस म्हणून छापलेला प्रत्येक मासा खरोखरच त्या जातीचा असेल असे गृहीत धरता येत नाही. ‘स्कॉम्बेरॉइडिस’ म्हणजे बांगड्यासारखा. कोकणातल्या वाचकाला ही उपमा ऐकून हसू येईल, पण लांबट, चकचकीत, सतत पोहण्यासाठी घडलेले शरीर एवढ्यापुरती ती खरी आहे. वॉलेसाय हे नाव ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्यावरून पडले. त्यांनी रिओ नेग्रो नदीत काढलेली माशांची चित्रे १८५२ मध्ये जहाजाला लागलेल्या आगीतून वाचली, त्यांचा बाकीचा संग्रह मात्र जळाला.

पायारा आहे की दुसरेच काही, हे आधी ठरवावे. बारीक खवल्यांचे चंदेरी व दोन्ही बाजूंनी चपटे शरीर, वरच्या दिशेने तिरपे उघडणारे तोंड, पंखांसारखे रुंद छातीचे पर, कल्ल्याच्या झाकणामागे काळसर डाग आणि खालच्या जबड्याच्या टोकाशी दोन लांब सुळे असतील, तर तो या कुळातला मासा समजावा. तोंड मिटल्यावर हे सुळे वरच्या जबड्यातल्या खास पोकळ्यांत शिरतात. ही सोय नसती तर माशाने स्वतःचेच डोके भोसकून घेतले असते. याच कुळातला राफिओडॉन अंगाने पट्टीसारखा फारच लांबुडका असतो. कुळातल्याच सायनोडॉनचा गुदपर (पोटाखाली गुदद्वारामागचा पर) बराच लांब असून पाठीचा पर त्या गुदपराच्या सुरुवातीच्याही मागे उगवतो, आणि त्याचे सुळे आकाराने माफक असतात. दुकानात हे दोन्ही मासे अधूनमधून पायारा म्हणून दाखवले जातात. आफ्रिकेतल्या टायगरफिशशी होणारी गल्लत दूर करणे त्यामानाने सोपे आहे, कारण त्याचे दात मोठे असले तरी तोंडभर ओळीने लावलेले असतात, दोनच वेगळे पुढे आलेले नसतात.

खरी अडचण पायाराच्या चार जातींमध्ये फरक करताना येते, कारण पिल्ले एकमेकांसारखीच दिसतात. टाटाउआइया तेवढी शेपटीच्या लालसर-नारिंगी रंगावरून ओळखू येते. तिचे नावही तुपी भाषेतल्या ‘अग्निपुच्छ’ अशा अर्थाच्या शब्दांवरून घेतलेले आहे. उरलेल्या जातींच्या बाबतीत, माझ्या मते, रंगाच्या छटांवर वाद घालण्यापेक्षा मासा कुठून आला हे विचारणे अधिक भरवशाचे ठरते. स्कॉम्बेरॉइडिस ॲमेझॉनच्या खोऱ्यात, तापाजोस नदीच्या मुखाच्या वरच्या भागात आढळते, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीत किंवा गयानाच्या एसेकिबो नदीत नाही. वॉलेसाय रिओ नेग्रो आणि ओरिनोकोच्या वरच्या भागातली आहे. आर्मेटस मात्र ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेकिबो या तिन्ही खोऱ्यांत पसरलेली आहे. म्हणून ओरिनोकोच्या मुख्य भागातून किंवा गयानातून आलेला मासा स्कॉम्बेरॉइडिस नाही, एवढे तरी खात्रीने म्हणता येते. विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे मागावीत आणि ती देण्यास तो टाळाटाळ करत असेल तर मासा तिथेच ठेवावा.

जातीबद्दल एवढा काथ्याकूट करण्यामागे कारण आहे. आर्मेटस ही सर्वांत मोठी जात असून ती मीटरभर वाढू शकते. गळाने पकडलेल्या पायाराचा व्हेनेझुएलातला विक्रम १७.८ किलोचा आहे. टँकमध्ये ती नदीतल्याएवढी वाढत नसली, तरी दोन-अडीच फुटांची तयारी ठेवूनच ती आणावी. स्कॉम्बेरॉइडिस बंदिस्त पाण्यात साधारण फूटभर वाढते आणि पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत, बाहेरून काही बिघडलेले न दिसताच मरते, असा पाळणाऱ्यांचा जगभरचा अनुभव आहे. त्यामुळे ‘लहान राहणारा पायारा’ म्हणून ती निवडणाऱ्याने आपण सोपा मासा निवडला असे समजू नये. मोठा टँक परवडत असेल तर आर्मेटस घ्यावी, नसेल तर पायारा घेऊ नये.

चार-पाच इंचांच्या पिल्लाला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ४५० लिटरचा टँक काही महिने पुरतो. वाढलेल्या आर्मेटससाठी आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद व उंच टँक ही मी किमान मर्यादा मानतो. त्यात दोन हजार लिटर पाणी मावते, म्हणजे काच व स्टँड धरून वजन अडीच टनांच्या घरात जाते. घरातल्या खोल्यांच्या फरशीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरलेला आहे, आणि हा टँक त्याच चौरस मीटरवर हजार किलोंहून अधिक भार टाकतो. तेव्हा तळमजला असेल तर उत्तम. वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार मिळाल्याशिवाय काचवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

टँकची लांबी जितकी महत्त्वाची, तितकाच प्रवाह. पायारा खळाळत्या पाण्यातला आणि धबधब्यांच्या पायथ्याशी शिकार करणारा मासा आहे. छातीचे रुंद पर, बारीक खवले आणि छातीखालची धारदार कड हे सारे जोरकस प्रवाहात स्थिर राहण्यासाठी आहे. त्याला साचलेल्या पाण्यात ठेवले की तो कोपऱ्यात डोके खाली करून लटकतो, आणि नवखा पाळणारा त्याला शांत स्वभावाचा मासा समजतो. टँकमधले सगळे पाणी तासाला निदान पाच-सहा वेळा सम्पमधून (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतून) फिरावे. त्याशिवाय एका अरुंद बाजूला दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारे पंप) लावून प्रवाह लांबीच्या दिशेने सोडावा, आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या गुळगुळीत दगडामागे किंवा ओंडक्यामागे माशाला विसावण्यासाठी थोडा आडोसा ठेवावा. अणकुचीदार दगड आणि मधोमध उभी केलेली सजावट टाळावी, कारण दचकलेला पायारा सरळ रेषेत सुसाटतो. याच कारणासाठी झाकण जड हवे आणि प्रकाश मंद. खोलीतला दिवा एकदम लावण्याची सवय घरातल्या सगळ्यांनीच सोडायला हवी.

तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस, सामू (पीएच) ६ ते ७.५ आणि पाणी मऊ ते मध्यम जड असावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत, म्हणून मासा आणण्यापूर्वी फिल्टर पूर्ण सायकल होऊ द्यावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्यावेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात चिलर किंवा वातानुकूलित खोली लागते. पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो आणि ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. म्हणजे उकाड्यात माशाची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. दर आठवड्याला तीस ते पन्नास टक्के पाणी बदलावे. दोन हजार लिटरच्या टँकमध्ये पन्नास टक्के म्हणजे दोनशे लिटरची पाच पिंपे. ज्या वस्तीत दिवसाआड पाणी येते तिथल्या माणसाने हा हिशेब मासा घेण्याआधी घरच्यांसमोर मांडलेला बरा. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन घातल्याशिवाय ते टँकमध्ये सोडू नये. वीज गेल्यावर वेव्हमेकर आणि पंप एकदम थांबतात आणि अशा वेळी भरपूर प्राणवायूची सवय असलेला हा मासा इतरांच्या आधी गुदमरतो. निदान एक एअर पंप इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर कायम जोडलेला असावा.

बाजारातले पायारा नदीतून पकडलेले असतात, म्हणून खरेदीच्या वेळी पोट खपाटीला गेलेला, डोक्यामागे खड्डा पडलेला किंवा श्वास जोरात घेणारा मासा नाकारावा. शक्य असल्यास विक्रेत्याला त्याला खायला घालून दाखवायला सांगावे. जाळीत सुळे अडकून तुटतात, त्यामुळे मासा जाळीने न उचलता प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा जाड पिशवीत पाण्यासकट घ्यावा. एखादा सुळा तुटलाच तर तो पुन्हा येतो, त्यासाठी औषधांचा मारा करण्याचे कारण नाही. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवावा, कारण रानातून आलेल्या माशाच्या पोटात कृमी असण्याचा संभव बराच असतो. खाऊनही मासा रोडावत असेल तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्याने कृमिनाशक द्यावे. दुकानदाराच्या अंदाजावर विसंबू नये.

खाण्याच्या बाबतीत सुरुवातीचे काही आठवडे धीराचे असतात. पायारा मधल्या थरात पोहत भक्ष्यावर झडप घालतो, सुळ्यांनी भोसकतो आणि ते अखंड गिळतो. तळाला पडलेल्या तुकड्याकडे तो सहसा बघत नाही. म्हणून आरंभी जिवंत मासे द्यावे लागतात आणि ते घरी वाढवलेले गप्पी किंवा मॉली असावेत. दुकानातले स्वस्त फीडर (खाद्य म्हणून विकले जाणारे) गोल्डफिश देऊ नयेत, कारण ते रोग घेऊन येतात आणि त्यांच्या शरीरातले थायमिनेज हे द्रव्य जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते. हाच दोष तारलीच्या आणि मांदेलीच्या वर्गातल्या माशांत असल्याने बाजारातून स्वस्त मिळते म्हणून रोज मांदेली घालणे योग्य नाही. जिवंत माशांवर ताव मारू लागल्यावर वेव्हमेकरच्या प्रवाहात चिलापीच्या मांसाची लांबट पट्टी किंवा सोललेली कोळंबी सोडावी. प्रवाहामुळे ती जिवंत असल्यासारखी हलते आणि भुकेला मासा दोन-तीन दिवसांत फसतो. कोंबडी-बकऱ्याचे मांस मुळीच घालू नये. पिल्लांना रोज थोडे आणि मोठ्या माशांना आठवड्यातून तीन वेळा अन्न पुरते. न खाल्लेला तुकडा तासाभरात काढून टाकावा.

सोबतीचा नियम सोपा आहे. जो मासा पायाराच्या तोंडात मावू शकतो तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो, आणि पायाराचे तोंड दिसते त्याहून बरेच मोठे उघडते. त्याच्याएवढेच किंवा त्याहून रुंद अंगाचे पीकॉक बास, डॅटनॉइड किंवा तळाशी राहणारे मोठे, शांत कॅटफिश चालतात. शेपट्या कुरतडणारे आणि सतत भांडणारे सिक्लिड नकोत, कारण एवढे भीषण दात असूनही पायारा भांडखोर नाही आणि सततच्या त्रासाने खाणे सोडतो. एकाहून अधिक पायारा ठेवायचे असल्यास ते सारख्या आकाराचे आणि एकाच वेळी आणलेले असावेत, अन्यथा लहानाची शिकार होते.

मासा आवाक्याबाहेर गेला तर तो नदीत, तलावात किंवा गावाबाहेरच्या पाझर तलावात सोडू नये. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा अमेरिकी शिकारी मासा सापडला होता, आणि चिलापीने उजनीच्या जलाशयात कसा जम बसवला हे भीमाकाठच्या मच्छीमारांना सांगावे लागत नाही. खरेदीच्याच वेळी विक्रेत्याकडून मासा परत घेण्याची लेखी हमी घ्यावी. ती मिळत नसेल, तर मोठा टँक असलेल्या दुसऱ्या एखाद्या पाळणाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे आणि मासा दोन फुटांचा होण्याची वाट न पाहता, तो अजून मोठ्या पिशवीत सुरक्षित नेता येतो तोवरच त्याच्याकडे पोहोचवावा.