काटापट्टीवरचं नाव

दिग्रस तालुक्यातल्या गावात बसून कॉम्प्युटर सिक्युरिटी शिकता येते का, असं गावाकडची पोरं विचारतात. येते. फक्त हॅकिंगच्या व्हिडिओंपासून सुरुवात करू नका. माझे त्यात सहा महिने गेले. मग मी एका जुन्या, दुरुस्त झालेल्या चुकीपाशी मुक्काम ठोकला : सीव्हीई-२०१५-१८१५. (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या चुकांचा नोंदणी क्रमांक.) ही चूक होती सेट्रबलशूट नावाच्या लिनक्सच्या साधनात.

एसईलिनक्स म्हणजे कोणत्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा हे ठरवणारा लिनक्सचा पहारेकरी. त्याने काही अडवलं की ते का अडवलं, हे सेट्रबलशूट सोप्या भाषेत सांगतं. (आमच्या क्लासमध्ये ‘सेटएन्फोर्स शून्य’ करून एसईलिनक्सच ढिलं करायला शिकवायचे. तो नाद सोडा.) अडवण्याचं कारण सांगण्यासाठी ‘ही फाईल कोणत्या पॅकेजची?’ असं सेट्रबलशूट आरपीएमला, म्हणजे पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, विचारायचं. विचारताना फाईलचं नाव कमांडमध्ये चिकटवून अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे लिहिलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली, आणि तीही रूट म्हणून, सगळे अधिकार हातात घेऊन!

लिनक्समध्ये फाईलच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. अवतरणचिन्ह चालतं, अर्धविरामही. यात बिघडलं काय, ते मला बाबांसोबत जिनिंगवर कापूस नेला तेव्हा उमगलं. काट्यावरचा पोरगा नाव विचारून पट्टी लिहीत होता. समजा कोणी सांगितलं, ‘रामराव, अन् दोन क्विंटल वाढवून लिही’, आणि नाव कुठं संपलं हे न बघता पोरानं वजन वाढवलं, तर? शेल म्हणजे तोच पोरगा : नावातला पुढचा भाग तो हुकूम समजून चालवतो.

सराव स्वतःच्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, सेंटओएस ७ या लिनक्सच्या, ही दुरुस्ती येण्याआधीच्या, अपडेट न केलेल्या आवृत्तीवर. मोबाइलच्या नेटवर ते उतरवायला मला तीन रात्री लागल्या, त्यात मधेच लाइन जायची. पहिले दोन दिवस काहीच घडेना. नुसती विचित्र नावाची फाईल बनवून भागत नाही. एसईलिनक्सने ती अडवली तरच हे साधन जागं होतं. होम फोल्डरमधली फाईल वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवली की तिचं जुनं लेबल, म्हणजे एसईलिनक्सची फाईलवरची खूण, तसंच राहतं आणि सर्व्हरला नकार मिळतो. लेबल म्हणजे काय, हे मी त्या नकारातून शिकलो.

मग सेट्रबलशूटच्या ३.२.२२ आवृत्तीतली दुरुस्ती वाचा. नाव वेगळा आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे कमांडच्या ओळीत न चिकटवता सुटं, जातं, मधला शेलच गायब. मुलाखतीत मी एवढंच कागदावर काढून दाखवलं होतं.

गंमत म्हणजे २०१६ मध्ये याच साधनाच्या प्लगइनांत पुन्हा तीच चूक सापडली. तेव्हापासून पायथनचा जुना कोड हाती आला की मी आधी ‘गेटस्टेटसआउटपुट’ शोधतो : अख्खी ओळ शेलच्या हवाली करणारं फंक्शन तेच.